दगडी इमारतीच्या दुरुस्ती-अनुदानासाठी घेतलेली सल्लासेवा : आमचा अनुभव

सेवा कोणती, ते आधी सांगते. जुन्या दगडी इमारतीची पाहणी करायची, तिच्या दुखण्याचं निदान लिहून द्यायचं, दुरुस्तीचा अंदाज काढायचा आणि त्यावरून अनुदानाचा अर्ज तयार करायचा, असं काम करणारं वास्तुतज्ज्ञांचं एक छोटं कार्यालय. माणसं तीनच. आमच्या वाचनालयाच्या विश्वस्त मंडळाने त्यांना नेमलं त्याला दोन वर्षं होऊन गेली. मी मंडळाची चिटणीस, त्यामुळे त्यांच्याशी झालेला जवळजवळ सगळा पत्रव्यवहार माझ्या हातचा आहे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि या क्षेत्रात माणसं मोजकी आहेत.

त्यांच्याकडे जाण्याआधी आम्ही एक अर्ज स्वतःच केला होता. नऊ पानं, मीच लिहिलेली. भिंतींना लोणा लागलाय, दाराच्या कमानीला तडा गेलाय, पुस्तकांच्या खोलीत ओल येते, अभ्यासाला येणारी मुलं दुसरीकडे कुठे जातील, असं सगळं कळवळून लिहिलं होतं. सोबत वीस फोटो. नकार आला. परीक्षकाच्या शेऱ्याचा मथितार्थ असा, की नुकसान दिसतंय पण त्याचं कारण अर्जात कुठेच नाही, आणि कारण तसंच राहणार असेल तर दुरुस्ती टिकणार कशी? तो कागद मी दोन दिवस कुणाला दाखवला नाही. मला फार लागलं होतं. पण वाचून वाचून पटलं, की आम्ही दुखणं सांगितलं होतं, निदान कुणी केलंच नव्हतं.

या कार्यालयाला फोन केला तेव्हा पलीकडच्या तरुण वास्तुतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘ताई, तुमच्याकडे जोराचा पाऊस कधी पडतो? आम्ही तेव्हा येतो.’ मला वाटलं, चुकून म्हणाल्या. पण त्या खरंच भर पावसात आल्या. आत यायच्या आधी दोन तास इमारतीभोवती छत्री घेऊन फिरत राहिल्या. पाणी कुठून पडतं, कुठे उडतं, कुठे मुरतं, हे पाहत होत्या. पश्चिमेच्या भिंतीवर वरून खाली एक काळपट ओला पट्टा होता. आम्ही तो इतकी वर्षं ‘जमिनीतून चढणारी ओल’ म्हणत आलो होतो. त्यांनी बोट वर केलं. पट्टा कठड्याजवळ सर्वांत रुंद होता आणि खाली येता येता निमुळता होत होता. जमिनीतली ओल अशी वरून खाली कशाला उतरेल? शिडी लावून वर गेलो तर कठड्यामागे लपलेली पन्हाळ पानांनी आणि मातीने गच्च भरलेली, तिचं तोंड बुजलेलं आणि शेजारच्या भेगेत मनगटाएवढ्या खोडाचं झाड. छतावरचं सगळं पाणी त्या कोपऱ्यातून सरळ भिंतीच्या पोटात जात होतं.

पोटात म्हणजे खरोखर पोटात. आमची भिंत दोन्ही बाजूंनी घडीव दगडाची आहे आणि मधे बारीकसारीक दगड आणि चुन्याची भर आहे. अशा भिंतीत वरून पाणी शिरलं की भरीतला चुना हळूहळू धुऊन जातो, मधे पोकळी होते आणि बाहेरचा थर पोट सुटल्यासारखा पुढे येतो. त्यांनी ओळंबा सोडून दाखवला. पश्चिमेची भिंत मधोमध अडीच बोटं पुढे आली होती. मी त्या भिंतीखालच्या बाकावर तीस वर्षं बसत आले आहे.

या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग हा, पाहणीचा. अहवालात चारही भिंतींची रेखाचित्रं होती, प्रत्येक दगडाची रेघ असलेली. प्रत्येक फोटोला क्रमांक आणि तो क्रमांक चित्रात त्या त्या जागी. नुकसानीचे शब्दही ठरलेले. ‘दगड खराब झालाय’ असं एकदाही नव्हतं. पापुद्रे सुटतायत की दगड कणाकणाने झडतोय, क्षार वर फुललेत की आतल्या आत साठलेत, हे वेगवेगळं नोंदलं होतं. इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दगडविषयक समितीने २००८ साली दगडाच्या ऱ्हासाचा एक सचित्र शब्दसंग्रह काढला आहे, त्याप्रमाणे त्या नोंदी करतात. अर्ज तपासणारा माणूसही तीच भाषा वाचत असतो, म्हणून त्याचा उपयोग.

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना अजूनही जड जातं. पुढच्या भिंतीचे दगड दर्शनी भागावर झडत होते आणि त्याचं कारण आम्हीच होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी देणगी गोळा करून आम्ही सगळ्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरून घेतल्या होत्या. किती छान, रेखीव दिसत होत्या! समारंभ केला होता. मंडळाच्या बैठकीत त्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा कुणी बोललं नाही.

त्यांनी समजावलं ते असं. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो, तो पाण्यात विरवायचा, वाळू मिसळून दरजेत भरायचा. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. हे सगळं सावकाश होतं आणि झाल्यावरही तो दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र राहतो. भिंतीत आलेलं पाणी दरजेवाटे बाहेर पडतं, क्षारही दरजेतच फुलतात. दरज झिजते आणि दगड वाचतो. झिजलेली दरज पुन्हा भरता येते. सिमेंटची दरज कठीण आणि घट्ट. तिच्यातून वाट मिळाली नाही की पाणी दगडातून बाहेर यायला लागतं, क्षार दगडाच्या कातडीखाली साठतात आणि पापुद्रे उडतात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४चं, जोसेफ ॲस्पडिन याचं. आमची इमारत त्यानंतरची आहे, पण तिच्या गवंड्यांनी चुनाच वापरला होता आणि भिंत त्या हिशेबाने बांधली होती.

मूळचा चुना कसा होता तेही त्यांनी शोधलं. सिमेंट न पोचलेल्या तीन ठिकाणांहून खोल आतले नमुने काढले आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले. चुना विरघळून जातो, वाळू उरते. ती धुऊन, वाळवून, चाळण्यांतून चाळून जाड-बारीक दाण्यांचं प्रमाण काढतात. एकच नमुना का नाही, असं मी विचारलं होतं. उत्तर असं, की भिंतीची डागडुजी वेगवेगळ्या काळात झालेली असते आणि एका नमुन्यावर विसंबलं तर कुठल्यातरी मधल्या दुरुस्तीची नक्कल व्हायची. शिवाय वाळूत शंख-शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही आम्लात विरघळतो आणि हिशेब चुकतो.

सगळं सिमेंट काढा, असा सरसकट सल्लाही त्यांनी दिला नाही, हे मला आवडलं. जिथे ते सैल झालंय किंवा भेगाळलंय तिथे टाकी आणि हातोडीने काढायचं, यंत्राची चकती लावायची नाही, कारण चकती दगडाच्या कडा खाते. जिथे ते दगडाला इतकं चिकटलंय की काढताना दगडाची कोर तुटेल, तिथे सध्या हात लावायचा नाही. दरज रिकामी करायची तर तिच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल, नाहीतर नवा चुना धरत नाही. हे सगळं अर्जात लिहिलं होतं, आणि माझी समजूत अशी की या बारकाव्यांनीच काम केलं.

कमानीच्या तड्याने मात्र मंडळात भांडणं लावली. एका ठेकेदाराने पाया खचलाय, खालून काँक्रीट घाला असं सांगितलं होतं आणि तो खर्च आमच्या पहिल्या अर्जातला सर्वांत मोठा आकडा होता. या कार्यालयाने काय केलं, तर तड्यांवर मिलिमीटरच्या रेघा असलेल्या पारदर्शक पट्ट्या बसवल्या आणि आम्हाला एक वही दिली. दर महिन्याला एक तारखेला वाचून लिहा, म्हणाले. एक वर्ष! आमचे अध्यक्ष चिडले. ‘तोवर इमारत पडली तर?’ पडेल असं वाटलं असतं तर आधी टेकू दिला असता, असं त्यांना शांतपणे सांगितलं गेलं. वही मी भरली. बारा नोंदी. कमानीचा तडा जागचा हलला नाही. तो कधीतरी फार पूर्वी पडून स्थिरावलेला होता. कोपऱ्यातला बारीक तडा, ज्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं, तो हंगामाप्रमाणे थोडा उघडत-मिटत होता आणि त्याचं कारण पुन्हा ती पन्हाळ आणि भिंतीच्या पायथ्याशी साचणारं पाणी. पायाचं काँक्रीट अंदाजपत्रकातून गेलं. एकूण आकडा जवळजवळ निम्मा झाला.

कठड्याचे दगड मात्र खरोखर फुटत होते. ते एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडलेत. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या कितीतरी पट जागा मागतं आणि दगड आतून फोडतं. बाईंनी अथेन्सच्या ॲक्रोपोलिसचं, म्हणजे तिथल्या टेकडीवरच्या प्राचीन मंदिरांचं उदाहरण दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता निकोलाओस बालानोस यांनी तिथल्या दुरुस्तीत लोखंडी सांधे वापरले. प्राचीन कारागीर लोखंडावर शिसं ओतत. या नव्या सांध्यांना ते कवच नव्हतं. ते गंजले आणि संगमरवर तडकला. १९७५ साली तिथे जतन समिती नेमली गेली, आणि पुढच्या कामात ते सांधे काढून टायटॅनियमचे बसवले गेले. आपल्यासारखीच चूक तिथल्या मुख्य मंदिराला, पार्थेनॉनलाही झाली, हे ऐकून मंडळातल्या वडीलधाऱ्यांचा जीव थोडा हलका झाला. मलाही झाला.

आता अर्जाबद्दल. इथे सेवेचा दर्जा खाली येतो.

त्यांना माहिती आहे, यात शंका नाही. काम मंजुरीआधी सुरू करू नका, हे त्यांनी पहिल्या भेटीतच बजावलं होतं, कारण बहुतेक निधी आधीच सुरू झालेल्या किंवा उरकलेल्या कामाला पैसे देत नाहीत. पन्हाळ साफ करणं ही देखभाल, ती आजच करा. पण दुरुस्तीच्या एका दगडालाही हात लावू नका. आपला वाटा किती, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अर्जात असतो. अमेरिकेतल्या ‘सेव्ह अमेरिकाज ट्रेझर्स’ या योजनेत तर जेवढं अनुदान तेवढीच रक्कम अर्जदाराने उभी करायची असते. ब्रिटनमधला ‘नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड’ मोठं अनुदान दोन टप्प्यांत देतो, आधी आखणीसाठी आणि मग प्रत्यक्ष कामासाठी. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ १९६५पासून आहे, पण त्यांच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव येणं म्हणजे पैसा मंजूर होणं नव्हे. असं सगळं त्यांनी एका दुपारी फळ्यावर मांडून दाखवलं, तेव्हा कुठल्या दारात जाण्यात अर्थ आहे हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. आम्ही नुसते इकडेतिकडे पत्रं टाकत होतो.

पण प्रत्यक्ष मजकूर हाती आला तो मुदतीच्या तीन दिवस आधी. वाचायला बसले आणि दुसऱ्याच पानावर आमच्या इमारतीच्या ‘मनोऱ्याचा’ उल्लेख. आमच्या इमारतीला मनोरा नाही. दुसऱ्या कुठल्यातरी अर्जातून परिच्छेद उचलला होता. वास्तूचं महत्त्व सांगणारा भाग तर कुठल्याही दगडी इमारतीला लावता आला असता : भव्य, देखणी, परिसराची शान. ही इमारत कुणी, कशासाठी बांधली, वर्गणीच्या पहिल्या वहीत कुणाकुणाची नावं आहेत, रात्री दिव्याखाली प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग कुठल्या खोलीत भरायचे, यातलं एक अक्षर नव्हतं. ती वही मी त्यांना स्वतः नेऊन दिली होती. मी आणि आमच्या ग्रंथपालांनी दोन रात्री जागून तो भाग नव्याने लिहिला. इमारतीशी असलेलं आपलं नातं दुसऱ्याला लिहायला द्यायचंच नाही, असं आता माझं ठाम मत आहे. दगड त्यांनी वाचावा. माणसांचं आपण लिहावं.

अंदाजपत्रकातही चुका. परांचीचा खर्च धरला होता तो एकाच भिंतीपुरता. चुन्याचं काम जाणणारे गवंडी मिळणं किती अवघड आहे आणि चुना ओला ठेवत सावकाश करायच्या कामाला किती दिवस लागतात, याचा अंदाज कमी धरला होता. अचानक निघणाऱ्या कामासाठी राखीव रक्कम होती, पण मंजुरी यायला लागणाऱ्या काळात भाव वाढतील याची तरतूद नव्हती. ही भर आम्हाला नंतर वर्गणीतून घालावी लागली. मी हे त्यांना लेखी कळवलं. त्यांनी चूक कबूल केली आणि पुढच्या कामाच्या देखरेखीचे पैसे कमी केले. त्यामुळे राग उरला नाही, पण ज्यांना वर्गणीचा आधार नाही त्यांचं काय झालं असतं?

मोबदल्याची पद्धत मात्र चोख. आम्हीच सुचवलं होतं की अनुदान मिळालं तर त्यातला काही हिस्सा घ्या. त्यांनी नाही म्हटलं. सल्लागाराचा वाटा मंजूर रकमेवर अवलंबून असेल तर त्याला दुखणं मोठं दाखवण्याचा मोह होतो, असं त्यांचं म्हणणं. ठरलेली रक्कम, तीन टप्प्यांत, आणि पाहणी झाल्यावर थांबायचं असेल तर अहवाल आमचा. पायाचं काँक्रीट त्यांनी का काढून टाकलं, हे त्या दिवशी मला नीट उमगलं.

एका गोष्टीवरून वाद झाला आणि त्यात त्या बरोबर होत्या. दर्शनी भागावर पूर्वी कळस होता असं जुनी माणसं सांगतात. आमच्या मंडळाला तो पुन्हा उभारायचा होता. जुना फोटो, चित्र, नकाशा, पडलेला एखादा तुकडा, काहीतरी दाखवा, असं त्या म्हणाल्या. आमच्याकडे काहीच नव्हतं. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय, की जिथे अटकळ सुरू होते तिथे पुनरुज्जीवन थांबलं पाहिजे. अध्यक्षांनी दोन बैठका तो विषय लावून धरला. शेवटी कळस वगळला. मलाही तो हवा होता, खरं सांगायचं तर. आईने त्याचं वर्णन केलेलं मला आठवतं. पण तिने सांगितलेला आणि आमच्या ग्रंथपालांच्या आजोबांनी सांगितलेला कळस एकसारखे नव्हते.

देखभालीचा आराखडा अर्जासोबत जोडला होता, तो त्यांनी उत्तम केला. पन्हाळ वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पानगळीनंतर. कठड्यावरची रोपं उगवताक्षणी. दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी. इंग्लंडमधल्या चर्चच्या इमारतींसाठी अशी पंचवार्षिक तपासणी १९५५ सालच्या कायद्याने सुरू झाली. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तेव्हाही रोजच्या काळजीने पडझड थोपवा, हेच म्हटलं होतं. आराखड्यात प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव लिहायची जागा आहे. पन्हाळीपुढे माझं आणि ग्रंथपालांचं आहे.

दुसरा अर्ज मंजूर झाला, पण पूर्ण नाही. छत, पन्हाळ, पायथ्याचं पाणी दूर नेणारा चर, कठड्याचे लोखंडी आकडे आणि पश्चिमेच्या भिंतीतली भर, एवढंच. दर्शनी भागाचे झडलेले दगड, ज्यांच्यासाठी आम्ही हे सगळं सुरू केलं होतं, ते दुसऱ्या टप्प्यात बघू असं उत्तर आलं. बैठकीत काहीजण निराश झाले. बाहेरून इमारत आजही आधीसारखीच दिसते आणि वर्गणी देणारे विचारतात, पैसा गेला कुठे. मी त्यांना छतावर घेऊन जाते.

काम चालू असताना देखरेखीला त्या आठवड्यातून एकदा येत. आधी भिंतीच्या मागच्या बाजूला हातभर रुंदीचा नमुना करून घेतला, तो सुकू दिला, वाळूचा रंग दोनदा बदलला आणि मगच पुढे जाऊ दिलं. गवंडीकाका वयस्कर, चुन्यात मुरलेले. ते दरजेवर ओलं गोणपाट टाकून ठेवत आणि कुणी ते उचलून बघितलं तर रागावत. ‘बाई, त्याला झोपू द्या,’ म्हणत. त्या दोघांचं चांगलं जमलं. त्या त्यांना विचारूनच निर्णय घ्यायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कुणी ही सेवा घ्यावी? ज्यांच्या इमारतीचं दुखणं नक्की माहीत नाही त्यांनी नक्की घ्यावी, आणि पाहणीला वर्ष लागलं तर लागू द्यावं. ज्यांच्याकडे चांगला पाहणी अहवाल आधीच आहे त्यांनी केवळ अर्ज लिहून घ्यायला यांच्याकडे जाऊ नये. मुदत दोन महिन्यांवर आली असेल तर यांच्याकडे नकोच. घाईत त्यांच्या हातून मनोरे उगवतात. पाहणीला पाचपैकी पाच, देखरेखीला पाच, मजकुराला दोन, अंदाजपत्रकाला तीन.

दुसऱ्या टप्प्याच्या अर्जासाठी आम्ही पुन्हा त्यांनाच नेमलं आहे. या वेळी करारात लिहून घेतलंय, की मजकुराचा पहिला खर्डा आम्ही करू, त्या तांत्रिक भाग घालतील आणि सगळे कागद मुदतीच्या महिनाभर आधी मंडळापुढे येतील. पश्चिमेची भिंत अजून ओली आहे. इतकी जाड भिंत एका हंगामात वाळत नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पट्टा मात्र वरून हातभर फिका झाला आहे. त्याची कड मी दर महिन्याच्या एक तारखेला त्याच वहीत लिहिते.